हजार यार्डांचा माणूस

३७.३७ सेकंद. रेमंड मेझ या इंग्लिश ड्रायव्हरचं नाव निघालं की मोटर शर्यतींचे जाणकार त्याने उभ्या केलेल्या शर्यतीच्या गाड्यांबद्दल बोलतात, आधी बीआरएम, मग ईआरए, आणि वेळ उरलाच तर या आकड्याबद्दल. माझ्या मते हा आकडा सगळ्यात आधी यायला हवा. १९३९ साली, चाळिशीला टेकलेल्या मेझने इंग्लंडच्या वूस्टरशरमधला शेल्सली वॉल्शचा चढ एवढ्या वेळात पार केला. मध्ये अख्खं महायुद्ध होऊन गेलं, पण तो विक्रम मोडायला १९४९ साल उजाडावं लागलं.

त्याच्यावर जे काही लिहिलं जातं, त्यात चढावरच्या शर्यती म्हणजे पायरीसारख्या येतात. तरुणपणी तो हिल क्लाइम्बमध्ये चमकला आणि मग ‘खऱ्या’ शर्यतींकडे वळला, अशी मांडणी असते. मला ती अजिबात पटत नाही. जवळजवळ तीस वर्षं हा माणूस त्याच चढांवर परत परत येत राहिला. गाड्या बदलल्या, सोबती बदलले, पैसे देणारे बदलले, पण चढ सुटला नाही. आयुष्यभर कुणी एखादी गोष्ट करत असेल, तर तिला पूर्वतयारी कसं म्हणायचं?

आधी हा चढ काय आहे ते सांगतो. मी बर्मिंगहॅमकडे राहायला आलो तेव्हा हे नाव माझ्या कानावरूनही गेलेलं नव्हतं. टेम नदीच्या खोऱ्यात, शेतांच्या आणि फळबागांच्या मधून झाडीत शिरणारा हा एक अरुंद रस्ता. लांबी १००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटर. तेवढ्यात तो सुमारे १०० मीटर वर चढतो. काही ठिकाणी रुंदी जेमतेम १२ फूट. सुरुवात सरळ, मग केनेल बेंड, मग क्रॉसिंग, आणि त्यानंतर ज्याच्यासाठी सगळे प्रेक्षक बांधावर गर्दी करतात ते इंग्रजी ‘एस’च्या आकाराचं वळण. ते निघालं की शेवटचा सरळ तुकडा आणि वर अंतिम रेषा. चालत गेलं तर पंधरा मिनिटांत माणूस माथ्यावर पोचतो, जरा धापा टाकत.

इथे पहिली शर्यत झाली १२ ऑगस्ट १९०५ रोजी. त्या काळी इंग्लंडात रस्त्यावर ताशी २० मैलांची मर्यादा होती, १९०३ च्या कायद्याने घातलेली. सार्वजनिक रस्त्यावर वेग आजमावणं म्हणजे पोलिसांशी गाठ. मिडलँड ऑटोमोबाइल क्लबच्या लोकांना खासगी मालकीचा चढ हवा होता आणि तो त्यांना या शेतजमिनीत सापडला. पहिल्या वर्षी अर्नेस्ट इन्स्टोनने डेमलर गाडीतून ७७.६ सेकंदांची वेळ दिली. म्हणजे सरासरी ताशी ४२ किलोमीटर. आज हसू येईल, पण त्या काळच्या ब्रेकांवर आणि टायरांवर, धुळीच्या वाटेवर, ते धाडसच होतं. रस्ता तोच, जागा तीच, आणि शर्यती आजही चालू आहेत. मूळ मार्ग न बदलता इतकी वर्षं टिकलेलं मोटर शर्यतीचं जगातलं हे सगळ्यात जुनं ठिकाण मानलं जातं.

माझं आजोळ जुन्नर तालुक्यातलं. शेल्सलीला पहिल्यांदा जाऊन आल्यावर मी मामाला फोनवर सगळं सांगत होतो. गाड्या एकेक करून सुटतात, शेजारी कुणी नसतं, नुसतं घड्याळ. मामा म्हणाला, “म्हंजे बारीच की रं! आपला घाट नि त्यांचा घाट.”

मामाने एका वाक्यात मला जे समजावलं ते मी पुस्तकं चाळून शोधत बसलो होतो. आमच्याकडे यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीत गाडे एकमेकांना खेटून पळत नाहीत. घाट म्हणजे चढाची धावपट्टी, आणि प्रत्येक गाड्याची बारी वेगळी. निशाण पडतं, बैल सुटतात, आणि काही सेकंदांत सगळं संपतं. लाउडस्पीकरवर वेळ पुकारली जाते आणि दिवसाअखेर ज्याची वेळ सगळ्यात कमी, तो घाटाचा राजा. शेल्सलीलाही हाच मान असतो, दिवसातल्या सर्वोत्तम वेळेचा. मामा पुढे म्हणाला, “शेजारी कुणी असला तर त्याच्याकडं बघून जोर लावता येतो. बारीत बघायचं कुणाकडं? तिथं चुकलं तर चुकलं.” मेझच्या सगळ्या कारकिर्दीकडे मी तेव्हापासून याच नजरेने बघतो. गोल ट्रॅकवर पहिल्या फेरीत चुकलं तर पन्नास फेऱ्या असतात भरून काढायला. चढावर चाळीस सेकंदांत भरून काढायला काही नसतं.

मेझ जन्मला १८९९ मध्ये, लिंकनशरमधल्या बोर्न या छोट्या गावात. वडिलांचा लोकर, कातडी आणि खतांचा व्यापार होता आणि मोटारींचा नाद वडिलांनाच पहिला. ईस्टगेट हाउस हे घरचं मोठं घर. मेझ जन्मभर तिथेच राहिला. याच बोर्नमध्ये १८२५ साली चार्ल्स फ्रेडरिक वर्थ जन्मला, ज्याने पुढे पॅरिसमध्ये उंची पोशाखांचा धंदा उभा केला. गावाच्या पाण्यातच काही असावं असं वाटतं, कारण मेझही टापटिपीच्या बाबतीत कमालीचा काटेकोर. ग्रीस लागलेल्या माणसांच्या त्या दुनियेत त्याचे कपडे आणि केस कायम जागच्या जागी. गाडीचंही तसंच. त्याला ती चकचकीत हवी असायची, नुसती वेगवान असून भागायचं नाही.

ऑंडलच्या शाळेत त्याची अ‍ॅम्हर्स्ट व्हिलियर्सशी गाठ पडली. ही मैत्री फार मोलाची ठरली. व्हिलियर्स हा जन्मजात इंजिनवाला. पुढे बेंटलीच्या गाजलेल्या सुपरचार्जर गाडीचा सुपरचार्जर त्याचाच, आणि उतारवयात त्याने व्यक्तिचित्रंही रंगवली. मेझ शाळेनंतर ग्रेनेडियर गार्ड्स या ब्रिटिश सैन्याच्या पलटणीत गेला, मग केंब्रिजला. तिथे असतानाच त्याने हिलमन गाडी पळवायला सुरुवात केली. तिचं नाव ‘क्विकसिल्व्हर’. त्यानंतर आल्या दोन ब्रेशिया बुगाटी. एकीचं नाव ‘कॉर्डन रूज’, शँपेनवरून. दुसरीचं ‘कॉर्डन ब्लू’, ब्रँडीवरून. व्हिलियर्सने या गाड्यांच्या इंजिनाला हात घातला, कॅमशाफ्टपासून कॉम्प्रेशनपर्यंत सगळं उलटंपालटं केलं आणि त्यांतून कारखान्याने दिली होती त्यापेक्षा जास्त ताकद काढली. इंग्लंडभरच्या चढांवर या दोन छोट्या बुगाट्यांनी धमाल उडवली.

१९२४ मध्ये वेल्समधल्या केअरफिली इथे जे झालं त्याचा फोटो जुन्या मोटारींच्या शौकिनांपैकी सगळ्यांनी पाहिलेला असतो. कॉर्डन ब्लू वेगात वळणावर आहे, मेझ स्टिअरिंगवर वाकलेला आहे, आणि त्याच्या गाडीचं मागचं चाक गाडीपासून सुटून स्वतंत्र निघालं आहे. माणसं रस्त्याच्या अगदी कडेला उभी. ना कठडा, ना दोरी. मेझ त्यातून सहीसलामत सुटला आणि प्रेक्षकांपैकीही कुणाला काही झालं नाही. त्या फोटोत मी मेझकडे कमी आणि कडेच्या लोकांकडे जास्त बघतो. टोप्या घातलेली, हात खिशात असलेली ती माणसं. हे चाक कुठे जाणार याची त्यांना अजून कल्पनाच नाही.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. २८ मार्च १९२५ रोजी बकिंगहॅमशरमधल्या कॉप हिलवर एक बुगाटी बांधावर चढली आणि एका प्रेक्षकाचा पाय मोडला. गाडी चालवत होता ऑक्सफर्डचा एक विद्यार्थी, आणि ती गाडी त्याने मेझकडूनच विकत घेतलेली होती. रॉयल ऑटोमोबाइल क्लबने शर्यत तिथेच थांबवली आणि पुढे सार्वजनिक रस्त्यांवरच्या वेगाच्या शर्यतींना परवानगी देणंच बंद केलं. एका दिवसात इंग्लंडमधले बहुतेक चढ संपले. ज्यांवर मेझ नावारूपाला आला ते रस्ते पुन्हा साधे रस्ते झाले. शेल्सली तेवढा वाचला, कारण तो खासगी जमिनीवर होता. वीस वर्षांपूर्वी पोलिसांना टाळण्यासाठी केलेली निवड इथे कामी आली. मला वाटतं, मेझची पुढची कारकीर्द एवढी घट्ट झाली ती यामुळेच. जायला दुसरी जागा फारशी उरलीच नव्हती. एकच चढ, एकच लांबी, तेच एस वळण, आणि दर वर्षी तिथे येऊन स्वतःच्या गेल्या वर्षीच्या वेळेशी गाठ.

तिथे त्याला भेटला बेझिल डॅव्हनपोर्ट. मॅक्लसफील्डचा हा गडी सगळ्या बाबतींत मेझच्या उलट. त्याची ‘स्पायडर’ म्हणजे जीएन या कंपनीच्या हलक्या सांगाड्यावर बसवलेलं दोन सिलिंडरचं दीड लिटर इंजिन आणि मागची चाकं फिरवायला साखळ्या. रंगरंगोटीचा पत्ता नाही. पण या गाडीने १९२६ मध्ये ४८.८ सेकंदांत चढ पार केला. शेल्सलीवर पन्नास सेकंदांच्या आत येणारा डॅव्हनपोर्ट पहिला. १९२८ पर्यंत त्याने ती वेळ ४६.२ वर आणली. हलकी गाडी, कमी सामान, भरपूर हिंमत. हा चढावरचा एक मार्ग झाला.

मेझ आणि व्हिलियर्सने दुसरा निवडला. १९२२ च्या टुरिस्ट ट्रॉफी शर्यतीसाठी व्हॉक्सहॉलने बनवलेली तीन लिटरची गाडी त्यांनी घेतली आणि तिला सुपरचार्जर जोडला. बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची, म्हणजे त्याच सिलिंडरमध्ये जास्त इंधन जळतं. तत्त्व एवढंच, पण ते दाबणारं यंत्र फिरवायलाही इंजिनाचीच ताकद लागते आणि उष्णता इतकी वाढते की पिस्टन वितळतात. म्हणून अल्कोहोलचं इंधन, जे स्वतःच इंजिन थंड ठेवतं. ताकद आली, पण ती रस्त्यावर उतरेना. चाकं जागच्या जागी गरगरायची. मग मागच्या एक्सलला दोन्ही बाजूंना जोडचाकं आली. चढाच्या शर्यतीत ही युक्ती रुजवण्याचं श्रेय मेझलाच दिलं जातं आणि पुढे कित्येक वर्षं ती सगळ्यांनी उचलली. १९२९ मध्ये त्याने डॅव्हनपोर्टचा विक्रम मोडला. वेळ ४५.६.

आणि मग १९३० च्या जुलैमध्ये हान्स श्टुक आला. युरोपात त्याला ‘डोंगरांचा राजा’ म्हणत. आल्प्समधले दहा-दहा, वीस-वीस किलोमीटरचे घाट मारणारा हा ड्रायव्हर ऑस्ट्रो-डेमलर घेऊन या चिमुकल्या इंग्लिश चढावर उतरला आणि त्याने ४२.८ सेकंदांची नोंद केली. तीन सेकंदांच्या आसपासचा फरक! जिथे माणसं वर्षभर राबून अर्धा सेकंद मिळवतात तिथे एका पाहुण्याने एका दिवसात तीन सेकंद कापले. तो विक्रम तीन वर्षं टिकला. १९३३ च्या सप्टेंबरात व्हिटनी स्ट्रेटने मॅसेराटीतून तो ४१.२ वर आणला.

श्टुकच्या त्या दिवसाने मेझचं सगळं बदललं असं मला वाटतं. जुन्या गाडीला ठिगळं लावून भागणार नाही हे तिथे उघड झालं. १९३३ मध्ये मेझ, त्याचा सोबती पीटर बर्थन आणि मंडळींनी रायलीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर काम करून ‘व्हाइट रायली’ तयार केली. ती बघून हम्फ्री कुक या धनिकाने खिशात हात घातला आणि त्याच वर्षाअखेरीस ईआरए, म्हणजे इंग्लिश रेसिंग ऑटोमोबाइल्स, ही कंपनी उभी राहिली. कारखाना कुठे? ईस्टगेट हाउसच्या शेजारी. गाडीचा सांगाडा रीड रेल्टनने आखला, सुपरचार्जरचं काम मरे जेमिसनकडे.

ईआरएची गाडी जवळून बघायला मिळाली की तिच्या गिअरबॉक्सकडे बघा असं मी सगळ्यांना सांगतो. तो विल्सन पद्धतीचा प्रीसिलेक्टर. पुढचा गिअर कोणता हवा ते ड्रायव्हर आधीच छोट्या दांड्याने ठरवून ठेवतो आणि योग्य क्षणी नुसतं पेडल दाबतो; गिअर पडतो. क्रॉसिंगपाशीच पुढचा गिअर निवडून ठेवता येतो आणि एस वळणात दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात. बारा फुटांच्या रस्त्यावर याची किंमत काय आहे ते बांधावर उभं राहिल्यावर कळतं. जुन्या गाड्यांच्या दिवशी मी तिथे उभा असतो. आधी खालून कर्कश किंकाळी येते, ती सुपरचार्जरची. मग उंच, उभट, डोळ्यांत भरणारं ते नाक झाडांमधून निघतं. ड्रायव्हर गाडीत नाही तर गाडीवर बसलेला वाटतो. छाती, कोपर, खांदे सगळे बाहेर. मागचं अंग बाहेर फेकलं जातं, तो स्टिअरिंग उलटं देतो, पुन्हा सुलटं देतो, आणि गेला. मागे राहतो तो जळलेल्या एरंडेलाचा वास, कारण या इंजिनांचं तेल एरंडेलापासून केलेलं असतं. लहानपणी ज्या वासाने आम्ही तोंड फिरवायचो तो मी तिथे नाक भरून घेतो.

मेझची स्वतःची ईआरए म्हणजे आर-४-डी. एकच गाडी, पण दर हंगामात तिच्यात काही ना काही नवं. १९३५ च्या मे महिन्यात मेझने ईआरएमधून ३९.६ ची वेळ दिली आणि शेल्सलीवर चाळीस सेकंदांच्या आत येणारा तो पहिला ठरला. त्याच सुमारास ईआरए लहान इंजिनांच्या शर्यतींत युरोपभर जिंकत होत्या. सयामचा (आजच्या थायलंडचा) राजपुत्र बिरा याच्याकडे तीन ईआरए होत्या. पहिल्या दोघींची नावं रोम्युलस आणि रीमस, आणि तिसरीचं नाव हनुमान. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. फिकट निळ्या रंगाचा हनुमान, इंग्लंडच्या ट्रॅकवर.

१९३६ मध्ये श्टुक पुन्हा शेल्सलीला आला, या वेळी ऑटो युनियनच्या अजस्र गाडीसह. पाऊस पडला आणि एवढी ताकद त्या ओल्या गल्लीत निरुपयोगी ठरली. पुढे कुक आणि मेझ यांचे मार्ग वेगळे झाले. आर-४-डी मेझकडे राहिली. आणि १९३९ मध्ये ते ३७.३७. ताशी सरासरी ८८ किलोमीटर, उभ्या गाडीपासून सुरुवात करून, चढावर. इन्स्टोनच्या वेळेच्या निम्म्याहूनही कमी. मी यात फक्त यंत्राची प्रगती बघत नाही. चौदा-पंधरा वर्षं तेच एस वळण घेणाऱ्या माणसाच्या हातात जे मुरतं ते त्यात आहे. खडी कुठे सैल होते, झाडांखाली रस्ता कुठे ओला राहतो, क्रॉसिंगनंतर पाय नक्की कुठे उचलायचा. हे लिहून ठेवता येत नाही आणि कुणाला देताही येत नाही.

युद्ध संपलं तेव्हा मेझ शेहेचाळीसचा होता. बहुतेकांनी तिथे हातमोजे काढून ठेवले असते. १९४७ मध्ये ब्रिटिश हिल क्लाइम्ब अजिंक्यपद पहिल्यांदा सुरू झालं. स्कॉटलंडमधलं बोनेस, जर्सी बेटावरचं बूली बे, उत्तर आयर्लंडमधलं क्रेगंटलेट, प्रेस्कॉट आणि शेल्सली, असे चढ. पहिला विजेता मेझ. १९४८ मध्ये पुन्हा मेझच. तीच आर-४-डी. पन्नाशीला आलेला माणूस त्याच्या निम्म्या वयाच्या पोरांना बारी-बारीने मागे टाकत होता. ‘सुरुवातीची पायरी’ म्हणणाऱ्यांनी ही दोन वर्षं जरूर मोजावीत.

१९४९ मध्ये जो फ्रायने शेल्सलीवर ३७.३५ ची वेळ दिली. गाडी कोणती? ‘फ्रायकायझरवागन’, मोटरसायकलचं इंजिन बसवलेली, घरी बनवलेली, डॅव्हनपोर्टच्या स्पायडरच्याच वळणाची. दहा वर्षं उभा असलेला विक्रम सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने गेला. त्या गाडीतच पुढच्या वर्षी ब्लँडफर्डच्या चढावर फ्रायचा जीव गेला.

मेझ तोपर्यंत बीआरएममध्ये बुडालेला होता. ब्रिटनची राष्ट्रीय गाडी असावी, देशभरच्या कारखान्यांनी मिळून ती बनवावी, हे त्याचं स्वप्न. दीड लिटरमध्ये सोळा सिलिंडर आणि रोल्स-रॉइसचा सुपरचार्जर. १९४९ च्या डिसेंबरात गाडी लोकांना दाखवली. १९५० च्या ऑगस्टमध्ये सिल्व्हरस्टोनला पहिल्या शर्यतीत निशाण पडलं, आणि गाडी सुरुवातीच्या रेषेवरच मोडली. चिडलेल्या प्रेक्षकांनी तिच्यावर पेनी फेकल्या. १९५२ मध्ये अख्खा प्रकल्प आल्फ्रेड ओवेन यांच्या उद्योगाने विकत घेतला. मेझ मात्र सोबत राहिला, आणि १९६२ मध्ये ग्रॅहम हिल बीआरएममधून जगज्जेता झाला. त्या यशात मेझचा वाटा आहेच, आणि त्याच्या चिकाटीला मी मानतो. पण चढावर तो आणि त्याचे दोन-तीन सोबती मिळून रात्रीतून ठरवायचे आणि सकाळी गाडी बदललेली असायची. बीआरएममध्ये एकेका भागासाठी कुठल्या कुठल्या कारखान्याची वाट बघावी लागे. त्याचा हात ज्या कामात बसला होता ते हे काम नव्हतं.

१९७८ मध्ये त्याला सीबीई हा ब्रिटिश किताब मिळाला आणि १९८० च्या जानेवारीत तो गेला. बोर्नमध्ये बाल्डॉक्स मिल या जुन्या गिरणीत त्याच्या नावाची एक खोली आहे. तिथे जाणाऱ्यांना वर्थचे पोशाखही बघता येतात.

आर-४-डी मेझने रॉन फ्लॉकहार्ट नावाच्या तरुण स्कॉटिश ड्रायव्हरला विकली. फ्लॉकहार्टने ती शर्यतींत आणि चढांवर इतकी झोकात पळवली की बीआरएमने त्याला आपल्याकडे घेतलं. मग ती केन व्हार्टनकडे गेली, चार वेळा हिल क्लाइम्बचं अजिंक्यपद जिंकणाऱ्या माणसाकडे. मालक बदलत गेले, पण गाडी कुठल्या संग्रहालयात काचेमागे गेली नाही. ती अजूनही शर्यतींत उतरते, आणि शेल्सलीलाही येते.